आत्याच्या गावचे पाहुणे

आम्हां वऱ्हाडी माणसांना समुद्राचे अप्रूप फार. बुलढाणा जिल्ह्यातल्या बीबी गावच्या माणसाने खारे पाणी पाहायचे म्हटले, तर ते लोणारच्या सरोवरात. अन् तिथे ना लाट, ना गाज. म्हणून तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील अंताल्या शहरी चार दिवस सुट्टी घालवायचे ठरले, तेव्हा मला पोरासारखा आनंद झाला.

कोन्याआल्ती हा तिथला लांबच लांब किनारा. वाळू कमी अन् गोटेच फार. समोर निळा भूमध्य समुद्र, तर पाठीशी तोरोस पर्वताच्या रांगा. दिवसभर डुंबून झाल्यावर भूक अशी खवळली, की आम्ही उभयता दिसेल त्या पहिल्या खाणावळीत शिरलो. एक बाई आणि तिचा कॉलेजात जाणारा मुलगा ती चालवीत होते.

तुर्की जेवणाला घाई खपत नाही. आधी येतात 'मेझे', म्हणजे लहान लहान बशांतून मांडलेले थंड पदार्थ. पहिली बशी येताच सौ. उद्गारल्या, "अहो, हे तर आपले भरीत!" विस्तवावर भाजलेले वांगे, लसूण, अन् वर ऑलिव्हचे तेल. दुसऱ्या बशीत टोमॅटो-मिरची बारीक चिरून केलेली 'एझमे', आपल्या ठेच्याची चुलतबहीण. मग टांगलेल्या दह्याची 'हैदरी', द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळलेला 'सार्मा', आणि पांढऱ्या घेवड्यावर तिळाचे दाट वाटण घातलेला, अंताल्याचा खास 'पियाझ'. शेजारी मंडळी राकी घेत होती. पाणी घातले की ती दुधासारखी पांढरी होते, म्हणून तिला 'सिंहाचे दूध' म्हणतात. आम्ही मात्र 'आयरान' मागवले. ते निव्वळ मीठ घातलेले ताक! शेवटी निखाऱ्यावर भाजलेला मासा आणि गरम रोटी.

वांग्याचे नवल वाटायला नको. ते आपल्याच बाजूने पश्चिमेला गेले. संस्कृतातले 'वातिंगण' फारसीत 'बादिंगान' झाले अन् तुर्कीत 'पातलिजान'. मिरची आणि टोमॅटो मात्र दोघांकडेही अमेरिकेहून आलेले पाहुणे.

मुलाने इंग्रजीत गाव विचारले. "बीबी," मी म्हणालो. आतून त्याची आई हसत बाहेर आली. ती मूळची पूर्वेकडली. तिकडच्या बोलीत 'बीबी' म्हणजे आत्या! "आत्याच्या गावचे पाहुणे!" म्हणून तिने बकलाव्याची बशी पुढे ठेवली. तेव्हापासून सौ. तिच्या 'आब्ला', म्हणजे ताई झाल्या.

मीही मग नाते सांगितले. शेवटचे खलिफा दुसरे अब्दुलमजीद यांना १९२४ च्या मार्चमध्ये देशाबाहेर काढले, तेव्हा त्यांची लेक दुर्रूशेहवार दहा वर्षांची होती. १९३१ साली फ्रान्समधल्या नीस शहरी, याच समुद्राच्या काठी, हैदराबादच्या निजामाचे थोरले चिरंजीव आझम जाह यांच्याशी तिचा विवाह झाला. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती असला, तरी नावाची मालकी निजामाची. म्हणून १९३६ साली आझम जाह 'वऱ्हाडचे युवराज' झाले. म्हणजे ही तुर्की मुलगी आमच्या बुलढाण्याचीही युवराज्ञी!

"ती परत आली का?" बाईने विचारले.

या प्रश्नाचे उत्तर देणे जड गेले. त्या घराण्यातील स्त्रियांना तुर्कस्तानात येण्याची मोकळीक मिळाली ती १९५२ साली. तोवर ती अडतीस वर्षांची झाली होती. १९४४ मध्ये वडील पॅरिसला वारले. त्यांना मायदेशाची माती मिळावी म्हणून तिने खटपट केली, पण परवानगी मिळाली नाही. दहा वर्षांनी त्यांचे दफन मदिनेला झाले. ती स्वतः २००६ साली लंडनमध्ये वारली अन् इंग्लंडमध्येच पुरली गेली.

मी वर्षातून दोनदा बीबीला जातो आणि धूळ फार म्हणून कुरकुरतो. गावाची वाट आपल्याला कोणी बंद करू शकेल, हे कधी मनातही येत नाही.

बाई कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यांत चहा ओतीत होती. "इतकी वर्षे परमुलखात तिला आपल्या घरचे काय मिळाले असेल?" ती म्हणाली.

"वांगी तर आमच्याकडे होतीच की!" सौ. बोलून गेल्या.

मुलाने ते तुर्कीत सांगताच बाईने त्यांचा हात हाती घेतला. चहा निवून गेला, तरी तो सोडला नाही.