तारेला नंबर असावा

वायरमनचे शिक्षण म्हणजे नकाशा वाचणे. १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेत मोटार कारखान्यांसाठी पीएलसी निघाले, तेव्हा त्याची लॅडर भाषा मुद्दाम रिलेच्या नकाशासारखी ठेवली. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ती वाचता यावी म्हणून. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मी त्याच नकाशावर पोट भरले.

म्हणून धुळ्याला डिप्लोमा करणारी माझी मुलगी सुटीत घरी आली आणि तिने कॉम्प्युटरवर 'अनरियल इंजिन' उघडले, तेव्हा मला ते परके वाटले नाही. त्यात २०१४ पासून 'ब्लूप्रिंट' ही सोय आहे. प्रोग्राम लिहायचा नाही, मांडायचा. एकेक चौकट म्हणजे नोड. कोणी 'थांब' सांगतो, कोणी 'असे असेल तर' विचारतो. त्यांच्या पिना तारांनी जोडायच्या. शिकणाऱ्याला हे सगळे फुकट आहे, ही मोठीच गोष्ट.

तिचा प्रोजेक्ट रेल्वे फाटकाचा खेळ. घंटा वाजावी, फाटक पडावे. पण फाटक पाच सेकंद थांबून पडे. तोवर गाडी पार! आता लेखी हुकूम दिला की नोड बदलून देणारी टूल्स निघाली आहेत. तिने हुकूम दिला, "फाटक लवकर पाड." टूलने सगळी मांडणीच पुसून नवी केली. फाटक वेळेवर पडले, घंटा मुकी झाली. सोमवारी प्रोजेक्ट दाखवायचा. पोर रडकुंडीला आली.

मी विचारले, "बेटा, नोडला नंबर असतो का?" आमच्या पॅनेलमध्ये प्रत्येक तारेच्या टोकाला नंबराचे फेरूल असते. ते न पाहता तार सोडणाऱ्या हेल्परला कोणी पुन्हा पॅनेलजवळ उभे करीत नाही.

"असतो पप्पा, प्रत्येकाला वेगळा."

मग तिने जुनी प्रत उघडली. आधी नुसते विचारले, नोड कोणते, कोणाची पिन कुठे जोडली? यादी आली. मग एवढाच हुकूम: अमुक नंबरचा 'थांब' नोड, पाचाचे दोन कर, बाकी कशाला हात लावू नको. कंपाइल केले. पुन्हा यादी मागवून दोन्ही ताडून पाहिल्या. एका आकड्याचाच फरक होता. नोड काढून दुसरा बसवला तर जुन्याच्या तारा तुटतात, त्या एकेक करून जोडाव्या लागतात, असे तीच मला समजावून सांगत होती. मी ऐकून घेतले. पंचवीस वर्षे दुसरे काय केले!

रात्री साडेअकराला घंटा वाजली. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारले, "एवढ्या रात्री कोणती गाडी आली हो?"