दादाचं के-२२

साठी जवळ आल्यावर दादाने रिव्हॉल्व्हर घ्यायचं काढलं, तेव्हा वहिनीने एवढंच विचारलं, "तेही जुनंच आणणार ना?" घरात जुनी लेथ, जुना ग्रामोफोन आणि गॅरेजमध्ये कधीची उघडून ठेवलेली मोटरसायकल. वहिनीचं काही चुकत नव्हतं.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. उमेदवारी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत केली, आता पेनसिल्व्हेनियात एका कारखान्याची टूलरूम सांभाळतो. रविवारी क्लबात जाऊन कागदी लक्ष्यावर .२२ चालवायचा नाद त्याला तिकडे लागला. कोल्हापूरकराला तो लागावा यात नवल नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन (पालथं झोपून) रायफलमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं, स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला रायफलमध्ये कांस्य. कोल्हापूरच्या या तिघांचं काडतूस एकच: .२२ लाँग रायफल, जे स्टीव्हन्स या अमेरिकी कंपनीने १८८७ मध्ये बाजारात आणलं. दादालाही तेच हवं होतं, फक्त रिव्हॉल्व्हरमध्ये, आणि तेही स्मिथ अँड वेसनचं के-२२ मास्टरपीस.

या रिव्हॉल्व्हरची जन्मकथा नेमबाजीच्या एका अमेरिकी प्रकाराशी बांधलेली आहे. त्यात स्पर्धक एका हाताने तीन हत्यारं चालवतो: एक .२२, एक मधल्या मापाचं आणि एक .४५. हत्यार बदललं की हाताला वजन बदललेलं जाणवतं आणि नेम हलतो. स्मिथ अँड वेसनच्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्याने १९३१ मध्ये के-२२ आऊटडोअर्समन काढलं, १९४० मध्ये पहिलं मास्टरपीस. पण युद्ध आडवं आलं आणि ती हजाराच्या आसपासच निघाली. १९४६ च्या अखेरीस नवं मास्टरपीस सुरू झालं आणि त्याच्या जोडीला के-३२ नि के-३८ ही भावंडं आली. तिघांचं वजन गोळ्या भरल्यावर साडेअडतीस औंस, म्हणजे सुमारे १,०९० ग्रॅम भरावं असा बेत होता. .२२ ची भोकं लहान, त्यामुळे त्यात पोलाद जास्त उरतं; म्हणून नळीवरच्या पट्टीची रुंदी कमीजास्त करून हिशेब जुळवला. हे सांगताना दादाचा चेहरा असा फुलतो, की ड्रॉइंग त्यानेच काढलं असावं.

पुढे याच स्पर्धांनी रिव्हॉल्व्हरला बाजूला सारलं. जलद फेरीत दहा सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या, आणि रिव्हॉल्व्हरचा घोडा दर गोळीला अंगठ्याने ओढायचा. रुगरचं ऑटोमॅटिक पिस्तूल १९४९ मध्ये साडेसदतीस डॉलरला मिळू लागलं. १९५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने स्वतःच मॉडेल ४१ हे स्पर्धेचं पिस्तूल काढलं. त्याच वर्षी के-२२ ला मॉडेल १७ हा नंबर मिळाला.

हॅरिसबर्गजवळच्या एका दुकानात काचेखाली दोन के-२२ होती. मी सोबत गेलो होतो, पण हात खिशात घालून. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं तिथल्या केंद्रीय कायद्याने, थोडे अपवाद सोडले तर, गुन्हा ठरतं. म्हणून दादाने बजावलं होतं, "नुसतं बघ, हात लावू नकोस."

दुकानदाराने आधी काढलं ते चकचकीत होतं. आरशासारखा काळा-निळा रंग, ओरखडा नाही, किंमत साडेअकराशे डॉलर. "ओरिजिनल फिनिश," तो म्हणाला. दादाने चष्मा कपाळावर सारला आणि बाजूच्या प्लेटच्या स्क्रूंकडे पाहिलं. भोकांच्या कडा आत गोलावल्या होत्या. नळीवरची कंपनीची अक्षरं पुसट, पट्टीच्या धारा बोथट. खरी चुगली घोड्याने केली. कारखान्यातून घोडा नि चाप हे केस हार्डनिंगच्या तपकिरी-निळ्या ढगाळ रंगात बाहेर पडत. इथे तेही नळीसारखेच काळे होते. कोणीतरी बफिंग व्हीलवर सगळं घासून पुन्हा रंग चढवला होता. दादाने ते हलकेच मखमलीवर ठेवलं आणि दुसऱ्याकडे बोट केलं.

दुसरं दिसायला गरीब होतं. केसमधून काढून-घालून नळीच्या टोकाचा रंग उडालेला, उजव्या लाकडी मुठीचा टवका गेलेला. पण स्क्रूच्या खाचा शाबूत होत्या आणि स्क्रूही पाच. पन्नाशीच्या दशकात कंपनीने त्यातला वरचा एक काढून टाकला आणि पुढे चापाच्या कमानीपुढचाही, त्यामुळे पाच स्क्रू म्हणजे त्याआधीचा माल. मुठीच्या तळावरचा के अक्षराचा क्रमांक, सिलिंडरच्या पाठीवरचा आणि नळीच्या खालचा, तिन्ही एकच. मूठ उघडली तर उजव्या लाकडाच्या आतही तोच.

मग दादाने खिशातून पिवळे प्लास्टिकचे रावल प्लग काढले, भिंतीत स्क्रू बसवायला आपण वापरतो तसले. दुकानदार हसला, त्याच्याही ड्रॉवरमध्ये होते. .२२ सारख्या रिमफायर काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेत असतो, म्हणून घोड्याच्या ठोक्याने पिन मध्यभागी न बसता कडेवर आपटते. सिलिंडरचं घर रिकामं असताना चाप ओढला तर ती पोलादी कडेवरच आपटू शकते आणि तिथे खळगा पडतो. प्लग घातला की मार तो खातो.

सहाही घरांत प्लग बसवून दादाने घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढला. घोडा अडकायच्या आधी सिलिंडर जागेवर बसल्याचा 'टिक' यायला हवा. पहिलं घर, टिक. दुसरं, टिक. दुकानात दुसरं गिऱ्हाईक बोलायला लागलं तर त्याने चक्क हात वर केला. सहावं झाल्यावर घोडा चढवलेला ठेवून मागून अंगठ्याने ढकलून पाहिला, सुटला नाही. सिलिंडर आणि नळी यांच्या फटीत फिलर गेज घातली: इंचाच्या चार हजारांशाची पाती गेली, सातची गेली नाही. नळीतून टॉर्च मारला तर आतले पिळाचे आटे धारदार होते.

दोष सापडला तो सिलिंडरच्या पाठीवर. एका घराच्या कडेला नखाला लागेल इतका खळगा होता. आधीच्या कोणत्यातरी मालकाने रिकामं चालवलं होतं. दादाने तो दुकानदाराला दाखवला आणि गप्प बसला. घासाघीस अशी फार झालीच नाही. साडेनऊशेचे आठशे झाले.

कागदपत्रं त्याहून लवकर उरकली. ४४७३ नंबरचा फॉर्म, ग्रीन कार्डाचा क्रमांक, मग राज्याच्या तपासणी यंत्रणेची हिरवी खूण. पेनसिल्व्हेनियात दोन खाजगी माणसांतला हँडगनचा व्यवहारही परवानाधारक दुकानदार किंवा शेरीफमार्फतच करावा लागतो. सूट आहे ती जवळच्या नातलगांना. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवाना आधी आणि हत्यार मागाहून, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच. मला आपली पद्धत जास्त पटते. दादाला नाही, आणि परतीच्या वाटेवर आमचं त्यावर वाजलं.

रविवारी क्लबात २५ यार्डांवर गोळ्या काळ्या वर्तुळात एकमेकींना चिकटून बसल्या. खळग्याच्या घरातलं रिकामं टरफल मात्र बाहेर ढकलणारी सळई दाबली तरी अडून बसायचं. वर सरकलेलं पोलाद पुन्हा दाबून सारखं करायचं एक टोकदार हत्यार मिळतं. दादाने ते विकत न घेता लेथवर स्वतः बनवलं आणि तेल लावून घर सारखं केलं. तेव्हापासून सहाही टरफलं एकदम पडतात.

त्याने स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनलाही लिहिलंय. शुल्क भरून क्रमांक कळवला की रिव्हॉल्व्हर कारखान्यातून कधी आणि कोणाकडे गेलं याचं पत्र मिळतं. दरम्यान काडतुसं आणायला तो पुन्हा त्या दुकानात गेला. चकचकीत के-२२ विकलं गेलं होतं, साडेअकराशेलाच.