कर्जत-खालापूरचे आडवाटेचे धबधबे आणि डोह

कर्जत आणि खालापूर या रायगडच्या दोन तालुक्यांतले पाणी दोन प्रकारचे आहे. एक पावसाचे. ते जूनच्या मध्यावर माथेरान, ढाक, राजमाची आणि खंडाळ्याच्या कड्यांवरून सुटते आणि दिवाळीनंतर आटू लागते. दुसरे घाटमाथ्यावरच्या धरणांचे. ते वीजघरातून बाहेर पडते आणि वैशाखातही वाहत राहते. कुठे भिजायचे, कुठे पोहायचे आणि कुठे नुसते काठावर बसायचे, हे या दोहोंतला फरक कळल्यावरच ठरवता येते. प्रस्तुत लेखक याच भागातला आहे. पुढचे वर्णन सुट्टीच्या दिवशी ओढ्याकाठाने केलेल्या पायपिटीवर आधारलेले आहे.

सह्याद्रीचा हा भाग बेसॉल्टच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा आहे. कठीण थर टिकतो, ठिसूळ थर झिजतो. म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो आणि बहुतेक पायऱ्यांवर पाणी कोसळते. माथेरानला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, पण कातळ तो फारसा धरून ठेवत नाही. जुलैत गर्जणाऱ्या कित्येक धारांच्या जागी डिसेंबरात काळा, कोरडा ओरखडा उरतो.

भिवपुरी रोड स्थानकाजवळचा धबधबा मुंबईकरांना पाठ आहे. रविवारी तिथे पाण्यापेक्षा माणसेच जास्त असतात. त्याच माथेरानच्या डोंगराच्या पूर्व उतारावरचे आषाणे आणि बेकरे इथले धबधबे मात्र आठवड्याच्या मधल्या दिवशी बरेच निवांत असतात. वाट भाताच्या बांधांवरून जाते. आवणी चालू असेल तर बांध मोडू नये म्हणून वळसा घ्यावा लागतो, आणि तो घ्यायलाच हवा. नेरळजवळच्या टपालवाडीचा धबधबाही याच माथेरानच्या पाण्याचा. कर्जतच्या पूर्वेला जांबरुंगच्या बाजूला सोलनपाड्याच्या लहानशा धरणावरून पाणी पसरून उतरते. पोहणे न येणाऱ्यांना भिजण्यासाठी ती जागा बरी, पण शेवाळलेल्या दगडी बांधकामावर पाय टिकत नाही, हे तिथे पाहिलेल्या घसरगुंड्यांवरून सांगता येते.

या सगळ्यांत लेखकाला सर्वांत प्रिय आहे ती कोंडाणे लेण्यांची वाट. कोंडिवडे गावातून राजमाचीच्या पायथ्याच्या रानात चढत गेले की हीनयान काळातले चैत्य आणि विहार समोर येतात. श्रावणात कड्यावरचे पाणी थेट लेण्यांच्या तोंडासमोर पडते. आत उभे राहिले की दोन हजार वर्षांपूर्वी लाकडाची नक्कल करून कोरलेल्या कमानी मागे आणि पाण्याचा पडदा पुढे, असे दृश्य दिसते. धबधब्याच्या पाठीमागे कोरड्या अंगाने उभे राहण्याची अशी संधी फार थोड्या ठिकाणी मिळते.

खाली उल्हास नदी वाहते. राजमाचीच्या दऱ्यांत उगम पावलेली ही नदी या वरच्या टप्प्यात धोंड्यांमधून वाट काढते आणि वळणावळणाला डोह करते. पोहण्यासाठी तिथला काळ म्हणजे भाद्रपदाची अखेर ते आश्विन. तेव्हा पाणी निवळलेले असते, ओढ कमी झालेली असते आणि तळ दिसतो. तळ दिसल्याशिवाय सूर मारणे धोक्याचे, कारण पुरात धोंडे हलतात आणि गेल्या वर्षी खोल असलेली जागा यंदा उथळ निघते. धबधब्याच्या अगदी पायाशी पोहणेही टाळावे. ठिसूळ थर आतून पोखरला गेलेला असतो आणि त्या कपारीकडे पाणी माणसाला ओढते. काही डोहांच्या काठी साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड आढळतात. अशा डोहात वाडीतली मुले सहसा उतरत नाहीत. कोणता डोह कसा आहे, हे तिथल्या ठाकर आणि कातकरी माणसांइतके नेमके कोणी सांगू शकत नाही. पाण्यात पाय घालण्याआधी त्यांना विचारावे.

उन्हाळ्यात पोहायचे तर पेज नदी गाठावी लागते. तिचे पाणी मावळातल्या ठोकरवाडी धरणातून येते. टाटांच्या भिवपुरी वीजघरात ते सुमारे पाचशे मीटर उंचीवरून नळांतून उतरवले जाते, जनित्रे फिरवते आणि मग नदीला मिळते. १९२२ साली हे वीजघर सुरू झाले. (ते भिवपुरी रोड स्थानकाजवळ नाही, तर कर्जतच्या पूर्वेला घाटाच्या पायथ्याशी आहे. नवखे लोक इथे हमखास गोंधळतात.) एप्रिलमध्ये सगळे ओढे कोरडे असताना पेजेत थंड, वाहते पाणी मिळते. पुढे तेच पाणी उल्हासमधून बदलापूर-कल्याणकडे जाते. खालापूरच्या बाजूला अशीच गोष्ट पाताळगंगेची. लोणावळा, वळवण आणि शिरवट्याच्या तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजघरातून तिच्यात येते. ते वीजघर १९१५ सालचे, म्हणजे भिवपुरीहूनही जुने. रोहा तालुक्यात कोलाडला कुंडलिकेवर चालणारे राफ्टिंगही भिरा वीजघरातून सुटणाऱ्या अशाच पाण्यावर अवलंबून आहे.

मात्र हे पाणी विजेच्या मागणीप्रमाणे कमी-जास्त होते. डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही गुडघाभर पाणी कमरेपर्यंत चढू शकते. म्हणून नदीकाठच्या गावात ‘पाणी कधी सुटतं?’ हा प्रश्न आधी विचारावा.

पावसाच्या पाण्याची तऱ्हा याहून भयंकर. ओढ्यांची पाणलोट क्षेत्रे लहान आणि तीव्र उताराची असल्याने माथ्यावर सर कोसळली की काही मिनिटांत खाली लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी घाटाच्या वर, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. पाणी गढूळ होऊ लागले, पाने-काटक्या वाहत आल्या किंवा आवाज जड झाला, की सामान तिथेच टाकून काठ चढावा. खोपोलीचा झेनिथ धबधबाही पात्र ओलांडून जाणाऱ्यांना असेच पलीकडे अडकवतो. दर पावसाळ्यात प्रशासन अनेक धबधब्यांवर बंदीचे आदेश काढते. निघण्याआधी ते पाहावेत आणि पाळावेत.

डोंगर स्वतःही स्थिर नसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले. धबधब्यांच्या वाटा अशाच वाड्यांच्या अंगणातून जातात, तेव्हा सलग दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस झाला असेल तर उताराखालच्या वाटा सोडून द्याव्यात. त्या दिवसांत वाडीतल्या लोकांनाच पाहुण्यांची नव्हे, सुरक्षित जागी हलण्याची निकड असते.

पोहोचण्यासाठी कर्जतपर्यंत लोकल आहे. तिथून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला गाडी जाते. कोंडिवडे, जांबरुंगकडे रिक्षा मिळतात, पण आतल्या गावांत त्या मोजक्याच. परतीची सोय उतरतानाच विचारून ठेवावी लागते.