पाण्याखालच्या नगरीतली नावे

पैसे जमवत जमवत गेल्या हिवाळ्यात आमचा नागार्जुनसागर पाहण्याचा योग आला. नांदेडहून आदल्या दिवशी निघून आम्ही हैदराबादला नातलगांकडे मुक्काम केला आणि पहाटे सहलीची बस धरली. सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता. सोबत भाकरी-चटणीची शिदोरी, लेकरं आणि माझी सत्तरीला आलेली आई.

प्रथम धरण पाहिले. कृष्णेच्या एका काठाला तेलंगणा, दुसऱ्या काठाला आंध्र. १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी पायाभरणी केली आणि १९६७ साली कालव्यांत पाणी सोडले गेले. सव्वीस दरवाजांचे हे प्रचंड धरण दगडी बांधकामाचे आहे. हजारो मजुरांनी दगड घडवले, डोक्यावरून वाहिले. आयुष्यभर बांधकामावर घमेली उचललेली आई कठड्याला हात लावून बराच वेळ उभी राहिली. नद्यांचे पाणी अडवून शेतीला व विजेला वापरावे, यासाठी बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून दामोदर व महानदीच्या योजनांना दिशा दिली होती, हे मी लेकरांना तिथेच सांगितले.

पण या पाण्याखाली एक नगरी आहे. तिसऱ्या-चौथ्या शतकात इक्ष्वाकू राजांची राजधानी विजयपुरी इथे होती. स्तूप, चैत्यगृहे, भिक्खूंचे विहार यांनी खोरे भरलेले होते. धरण ठरल्यावर १९५४ ते १९६० पर्यंत पुरातत्त्व खात्याने घाईने उत्खनन केले. निवडक वास्तू विटा-दगडांसह उचलून टेकडीच्या माथ्यावर आणि अनुपू येथे पुन्हा उभ्या केल्या. आज त्या टेकडीचे बेट झाले आहे. खोऱ्यातल्या गावकऱ्यांनाही घरेदारे सोडावी लागली. त्यांचा त्याग विसरता येत नाही.

लाँचने आम्ही बेटावर गेलो. महाचैत्याचा तळ बैलगाडीच्या चाकासारखा, आत आऱ्यांसारख्या विटांच्या भिंती. संग्रहालयात तथागतांच्या जीवनातले प्रसंग पांढरट दगडावर कोरलेले आहेत. तिथे गाईडने सांगितलेली गोष्ट मनात घर करून राहिली. इथला राजा चांतमूल अश्वमेध करणारा, वैदिक यज्ञांचा पुरस्कर्ता. पण त्याच्याच घरच्या स्त्रिया धम्माच्या दायिका! त्याची बहीण चांतिसिरी हिने महाचैत्यासाठी दान दिले आणि खांबावर तसे कोरून घेतले. राजघराण्याबाहेरची उपासिका बोधिसिरी हिनेही चैत्यगृह बांधून दिले, आणि आपल्या माहेर-सासरच्या माणसांचीही नावे लेखात घातली.

आई म्हणाली, "म्हंजे हिचं नाव हिच्याच नावानं हाय?"

गाईड म्हणाला, "हो माँजी, सतराशे वर्षांपासून."

आई काही बोलली नाही. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या दानफलकावर वडिलांचे नाव आहे. पैसे मात्र आईच्या भिशीचे होते. हे घरात सर्वांना ठाऊक होते, पण फलक लावताना कुणाला सुचले नाही. मलाही नाही.

परतताना अनुपूला जुने प्रेक्षागार पाहिले. मुले पायऱ्यांवर बसून "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणू लागली. आईनेही हात जोडले.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. शुक्रवारी संग्रहालय बंद असते, आणि पाण्याच्या पातळीप्रमाणे लाँच कधी कधी बंद राहते. आधी चौकशी करून निघावे. उन्हाळा टाळावा.

गावी आल्यावर विहार समितीला मी अर्ज दिला आहे. नवा फलक येईल तेव्हा त्यावर वस्तीतल्या सर्व दायिकांची नावे असावीत, एवढीच विनंती केली आहे. पहिल्या ओळीत आईचे नाव मी स्वतःच्या हाताने लिहिले.