भीती उसात, धोका अंगणात

आमच्या निफाड तालुक्यात मूल चालू-बोलू लागले की त्याला तीन गोष्टी बजावल्या जातात. विहिरीच्या काठावर जाऊ नकोस, विजेच्या मोटरीला हात लावू नकोस, आणि दिवस मावळल्यावर उसाकडे फिरकू नकोस. तिसरीचे कारण अर्थातच बिबट्या. गोदाकाठी पाणी आले, ऊस आला, आणि बिबट्याने उसालाच रान मानले. पण कुत्र्याने चावले किंवा नुसते ओरखडले तरी लगेच घरी येऊन सांग, ही चौथी गोष्ट कोणी बजावत नाही. कुत्रा काय, आपलाच!

भीती आणि धोका हे शब्द आपण समानार्थी समजून वापरतो. भीती डोळ्यांना दिसते त्याची वाटते. धोका मात्र हिशेब करून शोधावा लागतो. कुत्रे पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, रानातल्या आणि घरच्या जनावरांत किती पसरू शकेल, हे पाहायचे तर तीन प्रश्न विचारावे लागतात. रोग मुक्कामाला कोणाकडे आहे? कोणाची कोणाशी गाठ पडते? आणि या साखळीची कोणती कडी आपल्या हाती आहे?

पहिल्याचे उत्तर जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचे आणि त्यानंतरच्या जलत्रासाचे वर्णन आहे. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसांना होणाऱ्या रेबीजच्या 99 टक्क्यांपर्यंत घटनांचे मूळ कुत्र्यात असते. जगात दरवर्षी सुमारे 59 हजार माणसे या रोगाने जातात आणि त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक आपल्या देशातली असतात, असा अंदाज आहे. म्हणजे रोगाचे कोठार गावात आहे. रानातली जनावरे बहुधा त्याचे बळी ठरतात.

दुसऱ्या प्रश्नासाठी सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात जाऊ. तेथे डॉ. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार अभ्यासला. वजनाच्या हिशेबाने त्यात 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्याचा निघाला! बिबट्या आपल्या दारी येतो तो आपल्यासाठी नव्हे. बहुधा आपल्या मोत्यासाठी येतो. आणि आजारी, झोकांड्या खाणारा मोती त्याला सर्वांत सोपा सापडतो.

दुसरी गाठ मेलेल्या ढोरांवर पडते. माझी आजी सांगते, तिच्या लहानपणी बैल मेला की गिधाडे दुपारपर्यंत सांगाडा लखलखीत करून ठेवत. पुढे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आकाश ओस पडले. 2006 साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली; पण तोवर पंगतीला कुत्रे बसले होते. 1992 ते 2003 या काळात त्यामुळे देशात सुमारे 55 लाख कुत्रे वाढले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्याच जिल्ह्यात, हरसूलजवळच्या खोरीपाड्याला, गिधाडांसाठी मुद्दाम मेलेली जनावरे ठेवली जातात. ते केवळ पक्षिप्रेम नव्हे. रोगाच्या वाटेवरचा तो एक अडसरच आहे. एरवी अशा जागी रात्री गावचे कुत्रे आणि रानातले कोल्हे एकाच सांगाड्यावर भांडतात, आणि भांडणात दात लागतोच. 2024 साली मुंबईत चेंबूरच्या बाजूला कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळला. एवढ्या मोठ्या शहरात हे घडते, तर आमच्या ओढ्याकाठी घडणार नाही असे कोण म्हणेल?

घरची जनावरे तर आणखी जवळ. आमच्या मळ्याशेजारी एका घरची गाय चारा खाईना, पाणी गिळेना; तोंडातून लाळ आणि चमत्कारिक हंबरणे. घशात काहीतरी अडकले असेल म्हणून घरधन्याने कोपरापर्यंत हात घातला. गुरांचे डॉक्टर आले, गायीकडे पाहून आधी त्यांनी घरधन्याचा हात पाहिला. "महिना-दोन महिन्यांत कुत्रं चावलं होतं का हिला?" चावले होते, जखम भरली म्हणून सारे विसरले होते. गाय गेली. घरधन्याने हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली खळखळून धुतला, लशीची सारी इंजेक्शने वेळेवर घेतली आणि तो वाचला. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ कोणालाच सोडत नाही. त्याआधी मात्र तो अडवता येतो. गाईच्या डोळ्यांतले ते पाणी मी पाहिले आहे. पुढ्यात भरलेली बादली, आणि घोट उतरत नाही.

आता तिसरा प्रश्न. युरोपात रोगाचे कोठार खोकडात होते. म्हणून 1978 साली स्वित्झर्लंडमध्ये लस भरलेली कोंबडीची मुंडकी रानात टाकली गेली, आणि त्या मार्गाने पुढे युरोपचा बराचसा भाग या रोगातून सुटला. आपले कोठार अंगणात आहे. आपल्याला रानात जाण्याची गरज नाही. शेजारच्या गोव्यात 2013 पासून सरकार आणि 'मिशन रेबीज' यांनी घरोघरी आणि रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचली. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस मिळावी, एवढेच लक्ष्य. काही वर्षांतच कुत्र्यांमधल्या रेबीजच्या घटना 92 टक्क्यांनी घटल्या. गावचा कुत्रा निरोगी झाला की बिबट्या, कोल्हा, गाय आणि माणूस या सर्वांना एकाच सुईने कवच मिळते.

आम्ही मात्र बिबट्या दिसला की पिंजरा मागतो आणि कुत्रा पिसाळला की काठ्या काढतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पिंजऱ्याने रेबीज थांबत नाही. काठीनेही थांबत नाही. मारलेल्या कुत्र्याची जागा लवकरच लस न टोचलेला दुसरा घेतो.

कुत्रा आपल्या संस्कृतीत परका नाही. दत्ताच्या पायाशी तो आहे, खंडोबाबरोबर आहे, आणि धर्मराजाने त्याच्यासाठी स्वर्गाचे दार नाकारले. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आपण बालपणापासून ऐकत आलो. त्या प्रेमाला आज तुपाऐवजी लस घेऊन धावायचे आहे. आपल्यापैकी निम्मे विद्यार्थी खेड्यांतून एसटीने येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढच्या शिबिरात रस्ता झाडण्याबरोबर गावातल्या कुत्र्यांची मोजणी करावी, किती लसवंत आणि किती नाहीत याची वही ग्रामपंचायतीला द्यावी आणि लसीकरणाचा दिवस मागून घ्यावा. धोका मोजण्याची सुरुवात प्रयोगशाळेतच व्हावी असे नाही; ती शंभर पानी वहीतही होऊ शकते.