लाईन : जवसाच्या धाग्यापासून पहूरच्या रुळांपर्यंत

जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जामनेर तालुक्यात पहूर लागते. पेठ आणि कसबे अशा दोन भागांचे हे गाव. येथील बाजारात तासभर कान देऊन उभे राहिल्यास एक शब्द पाचपन्नास वेळा ऐकू येतो आणि दर वेळी तो निराळा असतो. ‘लाईन गेली’ म्हणजे वीज गेली. ‘लाईन लांब आहे’ म्हणजे रेशन दुकानापुढे रांग आहे. ‘पोरगं कोणत्या लाईनीत आहे?’ हा उपजीविकेचा प्रश्न, आणि ‘पोरगं भलत्याच लाईनीला लागलं’ हा चारित्र्यावरचा शेरा. ‘लाईन मारणे’ काय ते सांगण्याची गरज नाही. एवढे अर्थ एका शब्दावर लादूनही ऐकणारा क्वचितच गोंधळतो. हा धागा त्या शब्दाच्या प्रवासाचा.

‘धागा’ येथे अगदी शब्दशः घ्यावा. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस आणि ‘लिनिया’ म्हणजे जवसाच्या तंतूचा दोरा. इंग्रजीतला लाईन आणि लिनन हे कापड, दोघांचे मूळ हेच. ज्या जवसाची चटणी खानदेशात भाकरीबरोबर खाल्ली जाते, त्याच वनस्पतीच्या दोऱ्याने युरोपातले गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहत. ताणलेला दोरा म्हणजे सरळ रेघ, रेघ म्हणजे मर्यादा, मर्यादा म्हणजे वागण्याचा नियम, अशी ही वाढ. आपल्याकडे हेच वेगळ्या शब्दातून घडले. ‘सूत्र’ म्हणजे दोरा, मग नियम, मग पाणिनीचे व्याकरण. आणि सुताराचे सूतही त्याच कुळातले. मौज अशी, की आजचे गवंडी पायाच्या आखणीसाठी जी दोरी वापरतात तिला ‘लाईनदोरी’ म्हणतात. मूळ अर्थ धरला तर ती झाली ‘दोरा-दोरी’. शब्द जगभर फिरून पुन्हा गवंड्याच्याच हातात आला, पण मधल्या काळात स्वतःचे मूळ विसरून.

खानदेशात या शब्दाला वजन दिले ते रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी धावली. पुढे १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ पाचोरा, जळगाव, भुसावळ असे पुढे सरकले. भुसावळ तर रेल्वेवरच वाढलेले शहर. तेथे ‘लाईन’ हा नुसता मार्ग नव्हता. ती नोकरी होती, पगार होता, लग्नाच्या बाजारातली किंमत होती. १९१८-१९ च्या सुमारास पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूरमार्गे जामनेरपर्यंत सुमारे ५६ किलोमीटरची अरुंद लाईन झाली. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. लोकांनी गाडीचे नाव ‘पीजे’ ठेवले. (शहरी पोरे ज्याला पीजे म्हणतात तो फसलेला विनोद, पण ‘पीजेने गेलो’ असे कोणी म्हटले तर खानदेशात हसू नये.) मार्च २०२० मध्ये टाळेबंदीबरोबर पीजे थांबली आणि पुढे मार्ग रुंद करण्याची योजना आली. शंभर वर्षे गाडी दारावरून गेली की शब्द परका राहत नाही.

दुसरी वाट छावणीची. इंग्रजी फौजेत शिपायांच्या तंबूंच्या किंवा बराकींच्या ओळींना लाईन्स म्हणत. जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभारली, त्या काळापासून ही लष्करी मांडणी खानदेशाच्या परिचयाची. जिल्ह्याच्या गावी ‘पोलीस लाईन’ म्हणजे पोलिसांची वसाहत, हा अर्थ त्याच परंपरेतला. हिंदी पट्ट्यात तर ‘लाइन हाजिर’ ही शिक्षा आहे.

आता खरी गंमत. मराठीने हा शब्द नुसता घेतला नाही, त्याला व्याकरणात बसवले. इंग्रजीत त्याला लिंग नव्हते. येथे ओळ, रांग, रेघ या सख्यांच्या पंगतीत बसून तो स्त्रीलिंगी झाला. ‘लाईनीत’, ‘लाईनीला’, ‘लाईनीवर’ ही रूपे ‘विहिरीत’, ‘विहिरीला’ यांच्यासारखीच चालतात. मग त्याला ‘मारणे’ हे आपले बहुरूपी क्रियापद जोडले गेले. डोळा मारणे, थाप मारणे, चक्कर मारणे, झाडू मारणे यांच्या रांगेत लाईन मारणे सहज उभे राहिले. इंग्रजांच्या बोलीत ‘शूट अ लाईन’ म्हणजे बढाई मारणे. रूप जवळचे, अर्थाचा संबंध नाही. त्यामुळे अशा प्रयोगांना ‘बिघडलेले इंग्रजी’ म्हणणारे पंडित चुकतात. ही मराठीच आहे, थोडी आगाऊ.

‘कोणत्या लाईनीत’ हा अर्थ मात्र इंग्रजीतूनच आला. धंद्याला तिकडेही लाईन म्हणतात. पण शहरात पहाटे वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलाने ‘माझी लाईन’ म्हटले, तर त्याच्या मनात व्यवसाय नसतो. ठराविक इमारती, जिने आणि दारे असतात. मुलगा गावी गेला की त्याची लाईन दुसरा सांभाळतो.

यातला सर्वांत नवा आणि खानदेशाच्या शेतीला सर्वांत जवळचा अर्थ विजेचा. तारेला लाईन, तारेतल्या प्रवाहाला लाईन, आणि तो पुरवठा येण्याच्या वेळेलाही लाईन. शेतीपंपांना आलटून पालटून दिवसा आणि रात्री वीज मिळत आली. ‘रात्रीची लाईन आहे’ एवढे वाक्य पुरेसे असते; केळीच्या किंवा कपाशीच्या शेतात अंधारात उतरणे, साप, विंचू, झोपमोड हे सारे त्यात आलेच. तोच शेतकरी विहिरीपासून टाकलेल्या नळीलाही ‘पाइपलाईन’ न म्हणता पुष्कळदा लाईनच म्हणतो. म्हणजे ‘लाईन फुटली’ पाण्याची आणि ‘लाईन तुटली’ विजेची, एवढ्या एका क्रियापदावर निभावते.

आणि येथेच हा खेळ गंभीर होतो. गावठाणाची लाईन वेगळी, शेतीची वेगळी. कधी कधी दोन्ही जवळजवळच्या खांबांवरून जातात. खाली उभा असलेला माणूस म्हणाला ‘लाईन बंद आहे’, तर कोणती? आणि बंद म्हणजे कोणीतरी मुद्दाम बंद केली आहे, की नुसती गेली आहे? गेलेली लाईन कोणत्याही क्षणी येते. खांबावर चढलेल्या लाईनमनसाठी या दोन वाक्यांमधले अंतर म्हणजे त्याचा जीव. म्हणून तारेवर काम करण्यापूर्वी उपकेंद्राकडून लेखी परवाना घ्यावा, तारा जमिनीला जोडून घ्याव्यात, असा नियम आहे. तो पाळला गेला नाही की कोपऱ्यात दोन ओळींची बातमी छापून येते.

रेल्वेने हा धडा आधीच घेतला होता. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून भारतात अनेक ठिकाणी ‘लाईन क्लिअर’चा धातूचा गोळा वापरात होता. पुढच्या स्थानकाने संमती दिल्याशिवाय तो यंत्रातून सुटत नसे, आणि एक बाहेर असताना दुसरा निघत नसे. वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीतून तो चालकाच्या हाती जाई. स्टेशनमास्तर कितीही ओळखीचा असो, त्याच्या तोंडी ‘जा’वर गाडी हलत नसे. बोलीभाषा ज्या शब्दाला मोकळा सोडते, त्यालाच या दोन खात्यांनी धातूत आणि कागदात बांधून ठेवले.

तोच ‘लाईन क्लिअर’ आता कॉलेजच्या कट्ट्यावर पोचला आहे. तेथे त्याचा अर्थ, तिचा भाऊ गावाला गेला आहे. हे कळवणाऱ्या मित्राकडे गोळा नसतो, लेखी परवानाही नसतो, आणि अपघात तेथेही होतात.