रक्ताची पिशवी

आमच्या लहानपणी रक्त देण्याची गोष्ट फक्त आजारपणात निघायची. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की काका-मामा धावायचे. ज्यांना कुणी नसे ते पैसे मोजून विकत घ्यायचे. रक्त विकून पोट भरणारी माणसं तेव्हा होती. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996च्या निकालानंतर, 1 जानेवारी 1998पासून हा व्यवहार बंद झाला. एवढा मोठा दिवस, पण कुणाच्या लक्षात नाही याची मला खंत वाटते.

मी पहिल्यांदा रक्त दिलं ते कॉलेजात, एनएसएसच्या शिबिरात. टेबलावर काचेच्या भांड्यात निळंशार मोरचुदाचं पाणी. बोटाला सुई टोचायची, थेंब त्यात सोडायचा. बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं, तरंगला तर परत. माझा थेंब सरळ तळाशी गेला. माझ्या कितीतरी मैत्रिणींचे वरच राहिले. हिमोग्लोबिन किमान साडेबारा असण्याची अट त्यांच्याच भल्यासाठी आहे, हे खरं. पण आजही हौसेनं आलेल्या बायका रांगेतून परत फिरताना दिसतात, तेव्हा घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवणाऱ्या त्या बायकांच्या ताटात काय उरतं, हे कुणीतरी विचारायला हवं.

दुसऱ्या बाळंतपणात मलाच दोन पिशव्या चढवल्या. कुणाच्या, ते कळलं नाही. कळायची सोयही नसते. एका पिशवीत साधारण साडेतीनशे मिलिलिटर. त्या दोन अनोळखी माणसांमुळे माझ्या मुलाला आई राहिली. मध्ये सक्तीची विश्रांती झाली आणि मग मी पुन्हा देऊ लागले, बायकांसाठी ठरलेलं चार महिन्यांचं अंतर पाळून.

रक्तपेढीत ये-जा वाढली तशी एक गोष्ट मनात पक्की बसली. लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, सणवार असो की सुट्टी. आपण मात्र नेत्याच्या वाढदिवसाला, जयंतीला एकाच दिवशी चौकाचौकात मांडव घालतो. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावी, आणि रक्तपेढीतले फ्रिज रिकामे. देणाऱ्याच्या उत्साहापेक्षा घेणाऱ्याची गरज आधी पाहायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पासष्टीनंतर रक्त देता येत नाही आणि माझी पासष्टी आता जवळ आली आहे. म्हणून हल्ली मी आमच्या भागातल्या मंडळांच्या मुलांना गाठते. ‘काकू, गणपतीत ठेवतोच की शिबिर,’ म्हणतात. ठेवा, पण एखादं मे महिन्यातही ठेवा, असा माझा आग्रह. यंदा एक मंडळ तयार झालंय.